मास्तरबाईंचा अंगठा

४ फेब्रुवारी

टाचणी,

पाच महिन्यांनी तुझं पत्र आलं. मोजून चार ओळी, आणि त्यातली एक अशी: "तू आईच्या अंगठ्यामागे लपून बसला आहेस." वाचून मी कागद चुरगळला, खिडकीतून भिरकावला आणि मग तीन जिने उतरून उचलून आणला. तुझं अक्षर होतं म्हणून. एरवी आणला नसता.

लपायला माझी आई काय भिंत आहे? तिचा अंगठा तू पाहिला नाहीस, मी रोज पाहतो. अंगठा जिथे मनगटाला टेकतो तिथे तिला टेंगूळ आलंय. किल्ली फिरवताना ओठ दाबते. बरणीचं झाकण उघडेना की बरणी माझ्यापुढे सरकवते आणि वर म्हणते, "तुला एवढा वाढवला तो कशासाठी?" अठ्ठावीस वर्षं ती युनिफॉर्मच्या कारखान्यात कापड कापते आहे. साधा, सरसकट माल मशीनवर कापला जातो. बँडमास्तरांचे कोट, हॉटेलच्या दरवानांचे झगे, ज्या नर्सबाईंना कुठलंच ठरावीक माप बसत नाही त्यांचे गाऊन, असलं सगळं अवघड काम तिच्या टेबलावर येतं, आणि ते ती हातातल्या कातरीने कापते. कारखान्यात तिला सगळे मास्तरबाई म्हणतात. मालकीणसुद्धा.

कॉलेज सोडून मी आलो तो तिच्यासाठी. पटत नसेल तर नको पटू दे.

मंगळवारी हाताच्या डॉक्टरांकडे जायचंय. ऑपरेशन करायचं असं मी ठरवलंय. मालकीणबाई माझ्या बाजूने आहेत. त्या म्हणाल्या, "करूनच टाका मास्तरबाई, रजा मी देते. नवा हात घेऊन या." कारखान्यातले इस्त्रीवाले काका विरोधात. "हात म्हणजे काय बटण आहे, तुटलं की दुसरं लावायला?" आणि आई म्हणते, "बघू." तिचा 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी सायकल मागितली तेव्हाही 'बघू'च होतं, आणि मी अजून पायी फिरतोय. पण या वेळी मी ऐकणार नाही.

तो उंच मुलगा अजून तुझ्याशेजारी बसतो का लायब्ररीत? विचारत नाहीये. बसू दे.

१२ फेब्रुवारी

टाचणी,

उत्तर नाही आलं तरी मी लिहिणार. पोस्टाची पेटी काही तुझ्या मालकीची नाही.

डॉक्टरांकडे भांडण करून आलो. ऐक. डॉक्टर म्हणजे एक किडकिडीत बाई, बारीक कापलेले केस, कमी बोलणाऱ्या. विचारलं, "कुठला हात?" आईने उजवा हात शहाण्या मुलीसारखा टेबलावर ठेवला. डावा मांडीवरच्या पिशवीखाली. डॉक्टरांनी अंगठा धरून दाबला, गोल फिरवला, चिमटीत दाबायचं एक यंत्र दिलं आणि काटा किती सरकतो ते पाहिलं. एक्स-रे दिव्यावर लावला.

"सांधा झिजलाय, पण फार नाही. दुखतं किती? शून्य ते दहामध्ये सांगा."

"तीन," आई म्हणाली.

"तीन?" मी उडालोच. "परवा झाकण उघडताना हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं!"

"ते झाकणच मेलं तसं होतं," आई म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशनची घाई नको. अंगठ्याला आधाराचा पट्टा बांधा, काही आठवडे कातर बंद ठेवा, व्यायाम करा, मग पाहू. मी म्हणालो, तुम्ही नीट तपासलंच नाही. लांबून लोक येतात आणि तुम्ही पट्टा बांधून पाठवता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला ऑपरेशन हवंय, की त्यांचं दुखणं जायला हवंय?"

"दोन्ही!"

"आणि यांना काय हवंय?"

मी खुर्ची मागे सारली, ती पडली. बाहेरच्या बाकावरचे सगळे आत डोकावले. जाता जाता डॉक्टरांनी आईला विचारलं, "दुसरा हात ठीक ना?" आई म्हणाली, "त्याला काय धाड भरलीय? तो नुसता बसून असतो."

येताना बसमध्ये मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ती मात्र खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होती. शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखी.

तू असतीस तर त्या डॉक्टरबाईंना चार प्रश्न नीट विचारले असतेस. खुर्ची न पाडता.

२ मार्च

टाचणी,

बारा दिवस झाले, आईच्या टेबलाशी मी उभा आहे. आईची कातर बंद, मग काम कोण करणार? मालकीणबाईंनी नाक मुरडलं, पण आई म्हणाली, "मी आखून देईन, हा कापेल." उजव्या हाताला पट्टा बांधून ती स्टुलावर बसते आणि हुकूम सोडते. खांद्याची रेघ ओढताना तिचा चेहरा पाहिलास तर कळेल. खडू कापडाला लागतो न लागतो, आणि रेघ उमटते. मी त्या रेघेवरून कातर नेतो. जड कातर, काळी, मुठीला कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. नीट चालली की एक आवाज येतो, लांब, सलग, थांबायची इच्छाच होत नाही. जाऊ दे. तुला कशाला सांगतोय.

पहिल्याच आठवड्यात मी बँडमास्तरच्या कोटाची कॉलर बिघडवली. मखमल होती. कापड वाचवायला एक तुकडा उलटा फिरवून कापला. शिवून आली तर एक बाजू तांबडी, दुसरी काळी. इस्त्रीवाल्या काकांनी ती दिव्याखाली धरून सगळ्यांना दाखवली. "बघा हो, अर्धा बँडमास्तर उजेडात, अर्धा अंधारात!" मी तिथेच कातर टाकून निघालो होतो. आईने स्टुलावरूनच हाक मारली, "भडक्या, इकडे ये." माझा हात धरून तिने मखमलीवरून फिरवला, आधी वरून खाली, मग खालून वर. "कळलं? एका बाजूने हात फिरवला की मांजरासारखी खूश. दुसऱ्या बाजूने फिरवला की अंगावर येते. तुझ्यासारखी. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे." नव्याने कापली. बरोबर आली.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. परवापासून माझा अंगठा ठणकतोय. डावा.

आधी वाटलं, कुठे आपटला असेल. आज काम करताना लक्ष ठेवलं. कातर उजव्या हातात असते म्हणून सगळे उजव्याकडे बघतात. पण कापडाचे आठ आठ थर सरकू नयेत म्हणून चिमटीत घट्ट दाबून ठेवतो तो डावा. कातर चालते, वळते, मध्ये दम खाते. डाव्याला उसंत नाही. तो धरूनच असतो. माझ्या वयाच्या हाताची बारा दिवसांत ही गत, तर अठ्ठावीस वर्षांत काय होईल?

आणि मग एकेक आठवायला लागलं. पिशवीखाली ठेवलेला हात. चहाचा कप ती नेहमी उजव्यानेच उचलते, पट्टा बांधलेला असला तरी. झाकण फिरवायचं उजव्याने, पण बरणी धरायची असते डाव्याने. त्या दिवशी पाणी आलं ते बरणी धरताना.

टाचणी, तिने डॉक्टरांना भलताच हात दाखवला.

३ मार्च

आज संध्याकाळी घरी आल्या आल्या बरणी तिच्यापुढे ठेवली. "डाव्याने उचल."

"काय नाटक लावलंयस?"

"उचल ना. तो तर नुसता बसून असतो."

तिने उचलायचा प्रयत्नही केला नाही. पदार्थ करपल्याचा वास आल्यावर माणूस जसं पटकन उठतं तशी उठली, शेगडी बंद केली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तीन वर्षं झाली."

"मग डॉक्टरांना उजवा का दाखवलास?"

"तो बरा आहे म्हणून."

मला काही कळेना. ती वळली. "बरा हात दाखवला की डॉक्टर ऑपरेशन नको म्हणणार. डॉक्टरच नको म्हणाले की तू गप्प बसणार. मालकीणबाई गप्प बसणार. डावा दाखवला असता तर त्यांनी कापलाच असता. मग मी तीन-चार महिने घरी. आणि टेबलावर कोण? तू."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? आधीच माझ्या या हातामुळे कॉलेज सोडून आलास. एकदा ते टेबल धरलं की सुटत नाही रे. मी सहा महिन्यांसाठी धरलं होतं."

मी काही बोललो नाही. मी! तुझा विश्वास बसणार नाही, पण नाही बोललो. कारण जे बोलायला हवं होतं ते अजून मी तुलाही कधी लिहिलेलं नाही.

१० मार्च

टाचणी,

घे. लिहितो.

परीक्षेचा तिसरा पेपर मी आईसाठी सोडला नाही. आदल्या संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात तू म्हणालीस, "मी कुणासाठी थांबणाऱ्यातली नाही, आणि तू आधी स्वतःचं काहीतरी कर." तू हे वैतागून म्हणालीस की विचार करून, ते मला माहीत नाही. मी रात्रभर ते उलटंपालटं करत बसलो. सकाळी पेपरवर नंबर घातला, पहिला प्रश्न वाचला, उत्तरही येत होतं. आणि उभा राहून तो टरकावला. पर्यवेक्षक म्हणाले, "बाहेर." मी म्हणालो, "निघालोच आहे." फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. बस सुटेपर्यंत टिकलं ते.

घरी आलो. काही विचारण्याआधीच आईने बरणी पुढे सरकवली, सवयीने. मी झाकण उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, "तुझा हात असा, मी तिकडे कसा राहू?" बस. इतकं सोपं होतं. लोक मला शहाणा मुलगा म्हणायला लागले. इस्त्रीवाल्या काकांनी तर मिठी मारली.

तेव्हा तू लिहिलंस ते बरोबर होतं. झालं समाधान? आता हे परत कधी लिहिणार नाही.

आईला सांगितलं, रविवारी. ती खडूचे तुकडे निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि डबाच माझ्या अंगावर फेकला. उजव्या हाताने, पट्ट्यासकट. नेम चांगला आहे अजून.

"म्हणजे सहा महिने मी माझ्या हाताला शिव्या घालतेय. पोराचं शिक्षण खाल्लं म्हणून सकाळ-संध्याकाळ याच्याकडे बघून जीव जाळतेय. आणि पोरगं एका पोरीसाठी पेपर फाडून आलंय!"

"हो."

"आणि ती काय म्हणते?"

"काही नाही."

"शहाणी दिसतेय." मग म्हणाली, "जा परत. उद्याच्या बसने."

"नाही जाणार."

"का? आता कुणाचं निमित्त?"

"कुणाचंच नाही. मला आवडतं."

"काय आवडतं?"

"कापायला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चोरी कबूल केली असती तरी तसं पाहिलं नसतं. मग माझाही ताबा सुटला. म्हणालो, "तुझे दोन्ही अंगठे उद्या सोन्याचे झाले तरी मी त्या टेबलावरून हलणार नाही. आणि उद्या दोन्ही गळून पडले तरी मी तुझ्यासाठी म्हणून तिथे उभा राहणार नाही. ऑपरेशन करायचं तर कर, नको तर नको. त्यात मला धरू नकोस. मी तुझ्या हिशेबातून बाहेर."

तेव्हापासून तीन दिवस बोलणं बंद. जेवण समोर येतं, त्यावर झाकण ठेवलेलं. घट्ट लावलेलं. मुद्दाम.

२९ एप्रिल

टाचणी,

बोलणं बंद असतानाच चौथ्या दिवशी आई एकटी डॉक्टरांकडे गेली. मला न सांगता, बसने, डावा हात घेऊन. आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "सहा."

"काय सहा?"

"दहापैकी. सहा सांगितले. आठ सांगणार होते, पण पहिल्यांदा तीन म्हटलं होतं ना, एकदम आठ म्हटलं असतं तर लाज वाटली असती."

डॉक्टर रागावल्या नाहीत म्हणे. त्यांनी डाव्याचा एक्स-रे काढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "हा हात घेऊन तुम्ही मागच्या वेळी इथे बसला होतात?" आई म्हणाली, "पिशवीखाली होता."

आधी इंजेक्शन दिलं. तीन आठवडे ती राणी होती. बरण्या उघडून ठेवायची, उगाचच. मग हळूहळू दुखणं परत आलं, आणि मागच्या सोमवारी तिच्या हातून कप पडला. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सगळं सांगितलं. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं लहानसं हाड काढून टाकायचं, म्हणजे हाडावर हाड घासणार नाही. सहा आठवडे हात बांधलेला. त्यानंतर व्यायाम, कित्येक महिने. दुखणं बहुतेक जातं. चिमटीतला जोर मात्र पहिल्यासारखा येईलच असं नाही, वर्ष लागू शकतं, थोडा कमीही राहू शकतो. नाही केलं तरी चालेल, जिवाला धोका नाही, पट्टा आणि गोळ्यांवर दिवस काढता येतील.

हे कारखान्यात कळलं आणि सगळे कोलांटउडी मारून मोकळे झाले. मालकीणबाई म्हणाल्या, "जोर येणार नसेल तर कशाला कापून घेता? आठ थर कसे धरणार? त्यापेक्षा कापडावर वजनं ठेवून बघू." इस्त्रीवाले काका म्हणाले, "करा हो, करून टाका. माझ्या बायकोच्या गुडघ्याला मी नको नको म्हणालो, अजून ऐकवते." दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "माझ्याकडे काय बघताय? अंगठा तिचा आहे." तुला सांगतो, एवढंसं वाक्य बोलायला मला सबंध आयुष्यात कधी इतका जोर लावावा लागला नव्हता. कारण माझ्या मनात होतं, कर, कर, कर.

काल डॉक्टरांनी आईला विचारलं, "तुम्हाला हा अंगठा कशासाठी हवाय?" मी तोंड उघडलं होतं, मिटलं.

आईने डावा हात टेबलावर पुढे ठेवला. "कापायला नको," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं कापलं, पुष्कळ झालं. आखून देईन, त्याला उजवा पुरतो. पण सकाळी डोळे उघडले की मला पहिल्यांदा हा हात आठवतो. देव नाही, घर नाही, हा पोरगा नाही. हा मेला आठवतो. मला पहिल्यांदा दुसरं काहीतरी आठवायला हवंय."

डॉक्टर म्हणाल्या, "हे चांगलं कारण आहे."

"जोर कमी राहिला तर?"

"राहू शकतो. मी खोटं सांगणार नाही."

"राहू दे," आई म्हणाली. "आठ थर धरायला हा आहे. त्याला हौस आहे."

माझ्याकडे न बघता म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होतो. डोळ्यांत काही गेलं नव्हतं. तुला वाटेल म्हणून सांगतो.

१६ मे

टाचणी,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. मांडीवर आईची पिशवी, तिच्यावर कागद. आई आत जाऊन वीस मिनिटं झाली.

सकाळी नर्स तिच्या डाव्या हातावर पेनने बाण काढून गेली. आईने तो बाण आडवा-उभा निरखला आणि म्हणाली, "रेघ थरथरलीय. उपाशी आला होतात का?" नर्स हसली. डॉक्टर आल्या तेव्हा आईने त्यांना विचारलं, कुठून कुठपर्यंत कापणार? त्यांनी बोटाने दाखवलं. "सरळ?" "थोडं वळवून." "हां. वळवलंत तर ओढ बसत नाही." दोघी त्या अंगठ्यावर अशा वाकल्या होत्या, जणू एखाद्या गाऊनचा अवघड गळा कापायचा आहे. मी मध्ये बोललो असतो तर दोघींनी मिळून हाकललं असतं.

भीती वाटत नव्हती असं नाही. चालत जाताना तिने माझा दंड धरला होता, उजव्या हाताने, आणि माझ्या दंडावर अजून तिची बोटं उमटलेली आहेत. मी म्हणालो, "अजूनही नको म्हणालीस तर आत्ता घरी जाऊ." ती म्हणाली, "तू म्हणतोस म्हणून करत नाहीये आणि तू म्हणतोस म्हणून थांबणारही नाही. पिशवी धर."

फॉर्म भरायला एक कारकून आला. तिचं नाव, वय, काम. "कटर, आता आखणी," तिने स्वतःच सांगितलं. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, सोबत कोण, नातं काय, काय करता?

गेले आठ महिने या प्रश्नावर आई माझ्याआधी बोलायची. शेजारणींना, पोस्टमनला, सगळ्यांना एकच: "शिकतोय. मध्ये थोडा थांबलाय." तिचं तोंड आत्ताही उघडलं होतं.

"कटर," मी म्हणालो.

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्याशा पोराला कोण कटर म्हणणार, असं त्याला वाटलं असावं. मी परत सांगायला निघालो, जरा आवाज चढवूनच, पण तेवढ्यात आईने पट्टा नसलेला तिचा उजवा हात त्याच्या कागदावर ठेवला आणि ती रकान्यावर बोट टेकवून म्हणाली, "नवा आहे, हात बसायचाय अजून. पण कटरच लिहा."

त्याने लिहिलं. मग ती आत गेली.

तुला उत्तर द्यायचं असेल तर कारखान्याच्या पत्त्यावर दे. दिवसभर मी तिथेच असतो.